एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं वैद्यक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एवढं सांगा, हे सगळं नेमकं कुठलं आणि कधीचं?

साधारण १८०० ते १८३५. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या पेशवाईची अखेर आणि कंपनी सरकारची पहिली वर्षं. वैद्यकाची चर्चा मात्र मुख्यतः पॅरिस, लंडन आणि एडिंबराची आहे, कारण आजच्या ॲलोपॅथीची मुळं तिथं आहेत. मुंबई आणि पुणे या गोष्टीत येतात, पण ओढूनताणून नाही. दोन ठिकाणी तर त्यांच्यावाचून गोष्ट पुढेच जात नाही.

तेव्हाचे डॉक्टर अडाणी होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. अडाणी नव्हते. लॅटिन वाचणारी, भरपूर पाठांतर असलेली, रोग्याच्या उशाशी रात्र काढणारी माणसं होती ती. अडचण वेगळीच होती. रोग ओळखण्याची विद्या या तीस-पस्तीस वर्षांत झपाट्याने पुढे गेली आणि रोग बरा करण्याची विद्या जिथल्या तिथे राहिली. पॅरिसचा डॉक्टर छातीला कान लावून कुठल्या फुप्फुसात काय बिघडलंय ते सांगायचा, आणि मग त्यावर आजोबांच्या काळचाच उपाय करायचा. खालची बरीचशी उत्तरं या एकाच तफावतीभोवती फिरतात.

आजार कशामुळे होतो असं ते मानत?

जंतूंची कल्पना अजून तीस-चाळीस वर्षं दूर होती. शरीरातले चार रस बिघडले की आजार, हे ग्रीकांकडून आलेलं जुनं तत्त्व पुस्तकांतून मागे पडत चाललं होतं, पण हातांतून गेलं नव्हतं. त्याच्या जागी नवी तत्त्वं आली. एडिंबराचा जॉन ब्राउन सांगून गेला होता की शरीरातली उत्तेजना जास्त झाली किंवा कमी झाली, एवढंच काय ते आजारपण. पॅरिसचा ब्रूसे, नेपोलियनच्या सैन्यात डॉक्टर असलेला माणूस, म्हणायचा की सगळ्या रोगांचं मूळ दाह, आणि तोही मुख्यतः पोटातला. साथीचे रोग घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने पसरतात असं बहुसंख्य डॉक्टर मानत. स्पर्शाने पसरतात म्हणणाराही एक गट होता. दोघांची भांडणं जुंपायची. त्यात व्यापाराचे हितसंबंधही होते, कारण स्पर्शाचं मत मान्य केलं तर जहाजं बंदरात अडकवून ठेवावी लागत.

ताप आला तरी रक्त काढत, हे खरं का?

खरं आहे. ताप, न्यूमोनिया, डोकेदुखी, फेफरं, डोक्याला मार, कशालाही काढत. पद्धती तीन. नश्तराने दंडाची शीर फोडून वाडग्यात रक्त घेणं ही पहिली. त्वचेवर चिरा देऊन तापवलेली काचेची तुंबडी लावणं ही दुसरी. आणि जळवा ही तिसरी.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या आजाराने गेले. शेवटच्या दिवशी त्यांचं रक्त चार वेळा काढण्यात आलं, एकूण सुमारे सव्वादोन लिटर. उशाशी असलेल्या तीन डॉक्टरांपैकी सर्वांत तरुण डिक यांनी रक्त काढणं थांबवा, श्वासनलिकेला भोक पाडून बघू, असं सुचवलं होतं. बाकीच्यांनी ऐकलं नाही. ते ऐकून वॉशिंग्टन वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण तेव्हाही सगळे एकमुखाने बोलत नव्हते, एवढं यातून दिसतं.

ब्रूसेच्या मतामुळे फ्रान्समध्ये जळवांचं अक्षरशः पीक आलं. पोटावर पन्नास-पन्नास जळवा लावलेले रोगी रुग्णालयांत सर्रास दिसत. देशातली तळी रिकामी झाली तेव्हा जळवा बाहेरून आणाव्या लागल्या. १८३३ या एका वर्षात फ्रान्सने सुमारे चार कोटी जळवा आयात केल्या.

हे इतकं टिकलं याचं एक कारण साधं आहे. तापाने फणफणलेल्या माणसाचं अर्धा-पाऊण लिटर रक्त काढलं की तो घामाने भिजतो, नाडी मऊ होते, गळून झोपी जातो. नातेवाइकांना वाटतं, उतार पडला. डॉक्टरलाही तसंच वाटायचं. शिवाय काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं, आणि फीही.

आपल्याकडे वैद्यसुद्धा जळवा लावायचेच की?

लावायचे. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि हकीमही शीर सोडत. त्यामुळे १८०० साली गोरा डॉक्टर आणि पुण्याचा वैद्य समोरासमोर बसले असते तर त्यांना एकमेकांचं बरंचसं पटलं असतं. कंपनीच्या डॉक्टरांना इथल्या औषधांचं कुतूहलही होतं. व्हाइटलॉ एन्स्ली या डॉक्टरने १८१३ साली मद्रासमध्ये हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर ग्रंथच छापला. ही देवाणघेवाण पुढे आटली.

रक्त काढण्याचा फायदा होतो का, हे कुणी तपासलंच नाही?

तपासलं. माझ्या मते या काळातली सर्वांत मोठी घटना तीच आहे, जरी तिला स्टेथोस्कोपाइतकी प्रसिद्धी मिळाली नाही.

पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने खासगी धंदा बाजूला ठेवून वर्षानुवर्षं रुग्णालयात नुसत्या नोंदी केल्या. न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचा त्याने हिशेब मांडला. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचं रक्त काढलं होतं ते ४१ जण, त्यांतले १८ दगावले. पाचव्या ते नवव्या दिवसात काढलेले ३६ जण, त्यांतले ९ दगावले. म्हणजे लवकर उपाय केलेल्यांत शेकडा ४४ मृत्यू आणि उशिरा केलेल्यांत शेकडा २५. 'जितक्या लवकर काढाल तितकं बरं' या शिकवणीच्या अगदी उलट. १८३५ साली त्याचं पुस्तक आलं.

आजच्या निकषांवर यात पुष्कळ उणिवा निघतील. मुख्य म्हणजे रक्त अजिबात न काढलेला रोगी यात एकही नाही, कारण तसा रोगी ठेवणं त्या काळी अधर्म वाटला असता. लुईनेही रक्तमोक्षण टाकून द्या असं म्हटलं नाही. वाटतो तेवढा त्याचा उपयोग नाही, इतकंच जपून लिहिलं. तरीही डॉक्टरांचा संताप झाला. प्रत्येक रोगी वेगळा असतो, माणसं काय मोजायची असतात, असा त्यांचा आक्षेप.

याआधी १८१६ साली एडिंबरात अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या लष्करी डॉक्टरने लॅटिन प्रबंधात लिहिलं होतं की ३६६ आजारी सैनिक तीन डॉक्टरांत आळीपाळीने वाटले. दोघांनी रक्त काढलं नाही, त्यांचे २ आणि ४ रोगी गेले. तिसऱ्याने काढलं, त्याचे ३५ गेले. आकडे डोळे विस्फारावेत असे आहेत, पण ही चाचणी खरोखर झाली का, याबद्दल अभ्यासकांनाच शंका आहे. झाली असली तरी तो प्रबंध तेव्हा कुणी मनावर घेतला नाही.

औषधांपैकी एखादं तरी खरोखर लागू पडत होतं का?

मोजकीच, पण होती. अफू दुखणं थांबवायची, हगवण आणि खोकलाही. ती मद्यार्कात विरघळवून लॉडेनम नावाने घरोघरी असायची. सिंकोनाची साल हिवतापावर खात्रीने चालायची. डिजिटॅलिस, म्हणजे एका फुलझाडाची पानं, सुजलेल्या रोग्याचं पाणी उतरवायची, पण मात्रा जरा चुकली की हृदयच थांबायचं.

या काळातली रसायनशास्त्राची कामगिरी म्हणजे झाडपाल्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढणं. जर्मनीत सेर्ट्युर्नर या औषध बनवणाऱ्या तरुणाने अफूतून मॉर्फिन काढलं. त्याने ते स्वतः घेतलं आणि तिघा पोरांना दिलं, चौघेही मरता मरता वाचले. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि कावांतू यांनी सिंकोनातून क्विनाईन काढलं. त्यामुळे सालीचं कडूझार चूर्ण चमच्याचमच्याने गिळण्याऐवजी मोजून मात्रा देता येऊ लागली. एका सालीत औषध भरपूर आणि दुसरीत नावालाच, ही जुनी रडकथाही संपली.

बाकीचा बहुतेक औषधसाठा रोग्याला ओकायला किंवा ढाळायला लावण्यासाठी होता. त्यात राजा म्हणजे कॅलोमेल, पाऱ्याचा क्षार. तो कावीळ, ताप, हगवण, गरमी (म्हणजे उपदंश), सगळ्यावर चालायचा. तोंडातून लाळ गळायला लागली की औषध 'लागलं' असं समजत. ती खरं तर पाऱ्याच्या विषबाधेची खूण. हिरड्या सडायच्या, दात पडायचे, कधी जबड्याचं हाडही जायचं. एका इंग्रज अधिकाऱ्याचं तर नाकच गेलं. त्याचं पुढे काय झालं ते पुढे येईलच.

स्टेथोस्कोप यायच्या आधी रोगी तपासत कसे?

मुख्यतः विचारून. जीभ बघायची, नाडी धरायची, लघवीचा रंग पाहायचा आणि रोग्याची कहाणी ऐकायची. खानदानी रोग्याच्या अंगाला हात लावणं असभ्य समजत. पत्राने लक्षणं कळवून पत्रानेच औषध मागवण्याची चालही होती.

व्हिएन्नात आवेनब्रुगर नावाच्या डॉक्टरने १७६१ मध्येच छातीवर बोटांनी ठोकून आतलं ओळखण्याची पद्धत लिहून ठेवली होती. हा मूळचा खानावळवाल्याचा मुलगा. पिंप ठोकून आत दारू कुठवर आहे हे वडील ओळखतात, हे त्याने लहानपणी पाहिलं असणार, असं सांगतात. नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिझार याने १८०८ साली त्याचं फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे तिकडे लक्ष गेलं.

१८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लाएनेक या डॉक्टरसमोर हृदयविकाराची एक तरुण मुलगी आली. स्थूल असल्यामुळे ठोकून काही कळेना आणि तरुण मुलीच्या छातीला कान लावणं बरं दिसेना. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाशी धरलं. ठोके उघड्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. मग त्याने लाकडी नळी कातून घेतली आणि तीन वर्षं कानावर पडेल तो आवाज टिपून ठेवला. रोगी वारला की शवविच्छेदन करून त्या आवाजामागे काय होतं ते पाहायचं, असा क्रम. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला. फुप्फुसाच्या क्षयाचं असं बारकाईचं वर्णन आधी कुणी केलं नव्हतं. १८२६ मध्ये तो स्वतः क्षयानेच गेला. त्याच्या छातीतले आवाज त्याच्या पुतण्याने त्याच नळीने ऐकले होते.

क्षयावर औषध? काही नाही. नीट ओळखता यायला लागला, इतकंच.

भूल नसताना शस्त्रक्रिया कशा सहन करत?

ईथरची भूल पहिल्यांदा जाहीरपणे वापरली गेली ती बोस्टनमध्ये, ऑक्टोबर १८४६ मध्ये. त्याआधी दारू, अफू आणि धरून ठेवणारी चार माणसं. म्हणून सर्जनचं कौशल्य वेगात मोजत. पाय कापायला दोन-तीन मिनिटं. नेपोलियनचा सर्जन लारे याने बोरोदिनोच्या लढाईत, १८१२ मध्ये, चोवीस तासांत दोनशे अवयव कापल्याचं स्वतःच नोंदवलंय.

रोग्याच्या बाजूने लिहिलेलं फार थोडं मिळतं. फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकार बाईंचं पत्र त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमधल्या तिच्या घरी लारे आणि त्याचे सहकारी मिळून काळ्या कपड्यांतले सात पुरुष आले. औषध म्हणून थोडी वाइन दिली. गादीवर झोपवलं आणि तोंडावर पातळ रुमाल टाकला. रुमाल इतका पारदर्शक की पलीकडचं पोलादी पात्याचं लकाकणं तिला दिसलं. गाठ असलेलं स्तन कापून काढायला वीस मिनिटं लागली. कापणं चालू होतं तोवर आपण सतत ओरडत होतो, असं ती लिहिते. पत्र लिहायला तिला कित्येक महिने लागले. पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही, असंही तिनेच म्हटलंय. ती त्यानंतर २८ वर्षं जगली.

अमेरिकेत केंटकीमधल्या डॅनव्हिल गावी १८०९ च्या डिसेंबरात जेन क्रॉफर्ड ही बाई साठ मैल घोड्यावर बसून एफ्रेम मॅकडॉवेलकडे आली. तिच्या पोटात अंडाशयाची गाठ होती. पोट फाडलं की माणूस मरतोच, असा तेव्हाचा ठाम समज, आणि तो बहुतेक खरा होता. मॅकडॉवेलने तिला धोका सांगितला, ती तयार झाली. स्तोत्रं म्हणत तिने पंचवीस मिनिटं काढली. गाठ दहा किलोंची निघाली. महिन्याच्या आत बाई घोड्यावर बसून घरी गेली.

भूल नव्हतीच असं म्हणताना जपानचा अपवाद सांगायला हवा. हानाओका सेइश्यूने १८०४ साली धोतरा आणि बचनाग यांचा काढा देऊन एका साठीच्या बाईला पूर्ण बेशुद्ध केलं आणि स्तनाची गाठ काढली. जपानचे दरवाजे बाहेरच्यांना बंद असल्याने हे युरोपपर्यंत पोचलंच नाही.

कापलेलं नाक पुण्यात जोडून दिलं आणि ते साहेबांनी शिकून घेतलं, ही दंतकथा की इतिहास?

इतिहास. पण ज्या फुगवून सांगतात त्या रूपात नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

कावसजी नावाचा मराठी शेतकरी इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. तेव्हाच्या इंग्रजी वर्णनात हा माणूस विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा म्हटलाय. त्याचं नाव कुणी नोंदवलं नाही. कावसजीचं नोंदवलं, चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं नोंदवलं, क्रूसो आणि फिंडले या बघायला बसलेल्या दोन डॉक्टरांचं नोंदवलं, ज्याने हात चालवला त्याचं नाही. मला ही चूक आजही खटकते.

रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. मग तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधला पट्टा शाबूत ठेवायचा. रक्तपुरवठा त्यातूनच चालू राहतो, सगळी गोम त्या पट्ट्यात. थोटकाला ताजी खाच पाडून उलटवलेल्या कातडीची कड तिच्यात बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून आत मऊ चिंध्या घालायच्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधला पट्टा कापून टाकायचा. टाके नाहीतच.

ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आली. जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती वाचली, प्रेतांवर हात बसवला आणि वीस वर्षं योग्य रोग्याची वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्याने लंडनमध्ये पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी होता वर सांगितलेला अधिकारी, यकृताच्या दुखण्यावर पारा खाऊन नाक गमावलेला. नाक जगलं. १८१६ साली कार्प्यूचं पुस्तक आलं आणि युरोपभर ही पद्धत पसरली.

सुश्रुताचं काय, असं लगेच विचारतात. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची पद्धत आहे, पण तिथं कातडी गालाची घ्यायला सांगितलीय, कपाळाची नाही. पुण्याच्या कारागिराची विद्या पोथीतून आली नसावी, घराण्यातून हातोहात आली असावी, असं मला वाटतं.

देवीची लस इथे कशी आली?

जेन्नरने गायीच्या देवीची लस १७९६ मध्ये टोचली आणि १७९८ मध्ये ती छापून कळवली. पण त्या वेळी लस म्हणजे कुपी नव्हे, माणसाच्या दंडावरच्या फोडातलं ताजं पाणी. आठवड्या-दीड आठवड्यात ते पुढच्याच्या दंडात गेलं पाहिजे, नाहीतर साखळी तुटली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजात ते वाळून जायचं.

शेवटी ती खुष्कीच्या वाटेने आली. व्हिएन्नाच्या जाँ द कारोने काचेच्या दोन तुकड्यांत, मेणाने बंद करून ती बगदादला धाडली. तिथून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली. तिच्या दंडावरून आणखी पाच मुलांना टोचली आणि त्या फोडांतून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी निघाली. हिंदुस्थानभर पुढे पसरलेल्या लशीची ही सुरुवात. ॲनाबद्दल याहून फारसं कुणाला माहीत नाही.

याच सुमारास, १८०३ मध्ये, स्पेनने बाल्मिस या डॉक्टरच्या मोहिमेत बावीस अनाथ मुलं जहाजावर घेतली होती, वाटेत दोघादोघांना टोचत लस अमेरिकेला जिवंत नेण्यासाठी. त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आधीही आपल्याकडे आणि बंगालात खऱ्या देवीचा पू टोचण्याची रीत होती. ती चालायची, पण टोचलेला माणूस इतरांना खरी देवी देऊ शकायचा. गायीच्या लशीत तो धोका नव्हता. तरी लोक बिचकत, आणि त्यात नवल नाही. परक्या जातीच्या मुलाच्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात घ्यायचं होतं.

१८१७ ची पटकी (म्हणजे कॉलरा) एवढी गाजली ती का?

कारण ती बंगालबाहेर पडली. ऑगस्ट १८१७ मध्ये जेसोरला उद्रेक झाला. नोव्हेंबरात बुंदेलखंडात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत ती शिरली आणि मृतांची गणती करणं अवघड झालं. फौजांच्या आणि यात्रेकरूंच्या वाटांनी ती दख्खनेत आली, ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईला पोचली. पेशवाई बुडाली त्याच वर्षी. पुढच्या फेरीत १८३१ साली इंग्लंडात, १८३२ साली पॅरिसमध्ये.

उपाय काय करत? कॅलोमेलची मोठी मात्रा, वर लॉडेनमचे पन्नास-साठ थेंब, आणि रक्त काढणं. ज्याच्या अंगातलं पाणी आधीच वाहून गेलंय त्याचं रक्त काढायला जावं तर ते काळं, काकवीसारखं दाट, वाहतच नसे. कित्येक जण रोग्याला पाणीही पिऊ देत नसत.

आणि तरीही उत्तर १८३२ मध्येच सापडलं होतं. ओशॉनेसी या बावीस-तेवीस वर्षांच्या डॉक्टरने पटकीच्या रोग्याचं रक्त तपासून सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार गेलेत, ते परत द्या. स्कॉटलंडमधल्या लीथच्या टॉमस लाटाने हे वाचून एका म्हाताऱ्या बाईच्या शिरेत मीठ-सोड्याचं पाणी सोडलं. आधी काही फरक दिसेना. तो सोडत राहिला. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर गेल्यावर खोल गेलेले डोळे चमकले, हातपाय गरम झाले, बाई बोलायला लागली. आपलं काम झालं असं समजून तो तिला रुग्णालयाच्या सर्जनवर सोपवून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी दिलं नाही, साडेपाच तासांत ती गेली.

लाटाने स्वतःच हे सगळं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं. पण बहुतेक वेळा हा उपाय मरणाच्या दारात गेलेल्यांवरच झाला, पाणीही निर्जंतुक नसे, त्यामुळे यश कमी आलं. साथ ओसरली, लाटा १८३३ मध्ये वारला आणि सलाइन अर्धं शतकभर अडगळीत पडलं. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला, गांजाच्या औषधी गुणांवर काम केलं आणि नंतर चक्क तारखात्यात गेला.

प्रेतं चोरून विकत, हे कितपत खरं?

पूर्ण खरं. ब्रिटनमध्ये कायद्याने विच्छेदनाला फक्त फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं मिळत, आणि विद्यार्थी शेकड्यांनी होते. ताजी कबर रात्री उकरून प्रेत शरीररचना शिकवणाऱ्या शाळेत पोचवणाऱ्या टोळ्या होत्या. प्रेत कायद्याने कुणाच्या मालकीचं नसल्याने ते नेणं ही चोरी ठरत नसे, कफन नेलं तर मात्र ठरायची. म्हणून कफन काढून परत कबरीत टाकून देत. स्कॉटलंडच्या दफनभूमींत कबरींवर लोखंडी पिंजरे बसवत, काही अजून आहेत.

एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी १८२८ मध्ये कबरी उकरण्याचे कष्टही वाचवले. सोळा माणसं मारून डॉक्टर नॉक्सच्या शाळेला विकली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्क जानेवारी १८२९ मध्ये फाशी गेला आणि त्याचंही विच्छेदन झालं. सांगाडा अजून एडिंबरा विद्यापीठात आहे. १८३२ च्या कायद्याने बेवारस प्रेतं शाळांना मिळू लागली, म्हणजे व्यवहारात वर्कहाउसांत, गरिबांना काम करून घेऊन ठेवणाऱ्या घरांत, मेलेल्यांची.

बाळंतपणं तेव्हा जास्त धोक्याची होती का?

होती, आणि प्रसूतिगृहात घरच्यापेक्षा जास्त. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डनने १७९५ मध्येच यादीसकट दाखवून दिलं होतं की सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतिणीला येणारा जीवघेणा ताप, ठरावीक सुइणी आणि डॉक्टरांमागोमाग जातो. त्यात त्याने स्वतःचंही नाव घेतलं. गावाने त्याचे आभार मानले नाहीत, त्याला गाव सोडावं लागलं. राजघराण्यातलं असणंही कामी येत नसे. १८१७ मध्ये इंग्लंडची राजकन्या शार्लट पन्नास तासांच्या कळांनंतर मृत मूल होऊन वारली. तिच्या डॉक्टरने काही महिन्यांनी स्वतःला गोळी घातली.

डॉक्टर व्हायला काय लागायचं?

इंग्लंडात तीन उतरंडी होत्या. विद्यापीठाची पदवी असलेला फिजिशियन, हाताने काम करणारा सर्जन आणि औषधं देणारा अपोथेकरी. सामान्य माणूस जायचा तो अपोथेकरीकडेच. १८१५ च्या कायद्याने त्याला पाच वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा लागू झाली. पहिल्याच तुकड्यांत १८१६ साली कवी जॉन कीट्स पास झाला आणि लवकरच धंदा सोडून कवितेकडे वळला. बायकांना प्रवेश नव्हता. १८१२ मध्ये एडिंबराची पदवी घेतलेला आणि १८२६ मध्ये केपटाउनला आई आणि मूल दोघंही वाचवणारं सिझेरियन केलेला लष्करी सर्जन जेम्स बॅरी जन्माने स्त्री होता, हे १८६५ मध्ये तो वारल्यावर उघड झालं.

होमिओपॅथी त्याच काळातली ना?

हो. ती काढणाऱ्या हानेमानचा मुख्य ग्रंथ १८१० चा. तिच्या तत्त्वाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण पारा आणि नश्तराच्या जमान्यात ज्या औषधात जवळजवळ काहीच नाही ते घेणारा रोगी पुष्कळदा जास्त सुखरूप राहायचा. ती इतकी का पसरली याचं बरंचसं उत्तर यातच आहे.

तेव्हा माणसं चाळिशीतच मरायची का?

नाही. इंग्लंडात जन्मवेळचं सरासरी आयुर्मान चाळीसच्या आसपास होतं, ते बालमृत्यूंमुळे. वीस वर्षांचा झालेला माणूस साठीपर्यंत जाण्याची चांगली शक्यता असे.

हे वैद्यक मराठीत कधी शिकवायला लागले?

लोकांना वाटतं त्याच्या बरंच आधी. १८२६ मध्ये मुंबईत डॉक्टर मॅक्लेनन यांच्या हाताखाली देशी मुलांसाठी वैद्यकशाळा निघाली, तिच्यासाठी मराठीत पाठ्यपुस्तकंही तयार झाली. १८३२ मध्ये सरकारने ती बंद केली. कलकत्त्याला १८३५ मध्ये इंग्रजी माध्यमाचं महाविद्यालय निघालं आणि पुढच्याच वर्षी तिथं मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं. गोव्यात पोर्तुगिजांची वैद्यकशाळा १८४२ ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, तेही इंग्रजीतच. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या तिथल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते.